ओसरता पट : हैदराबादेतील मराठी प्राथमिक शाळांच्या प्रश्नाचा इतिहास

पटसंख्या घटत गेलेली प्राथमिक शाळा चालू ठेवावी की बंद करावी, हा प्रश्न आज महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतून विचारला जात आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांपुढे तो पूर्वीच उभा राहिला होता; परंतु तेथे त्याची चर्चा बहुधा खंत व्यक्त करण्यापलीकडे गेली नाही. खंत स्वाभाविक आहे, तथापि तिच्यामुळे निर्णय सोपा होत नाही. शाळेच्या कार्यकारी मंडळापुढे जेव्हा हा विषय येतो तेव्हा समोर एक आकडा असतो, आणि तो आकडा पाहून मंडळास हो किंवा नाही म्हणावे लागते. हा आकडा कसा घडतो, कोणकोणत्या निर्णयांचा तो परिणाम असतो आणि तो कोणत्या मर्यादेत मोजायचा असतो, याचा विचार हैदराबादच्या इतिहासाच्या आधाराने करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विचारासाठी आम्ही तारनाका हे ठिकाण निवडले आहे. हैदराबाद आणि सिकंदराबाद या जोडशहरांच्या पूर्व अंगाला, उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराला लागून हा भाग वसला आहे. तारेचे कुंपण घातलेला नाका येथे होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, नावातील दोन्ही शब्द मराठी माणसाला परके नाहीत. परंतु तारनाका ही काही जुनी मराठी वस्ती नव्हे. मराठी माणसांचे जुने हैदराबाद म्हणजे सुलतान बाजार, जांबाग, काचीगुडा, नारायणगुडा, शालिबंडा हे मोहल्ले. तारनाका हे नोकरीनिमित्त आलेल्यांचे ठिकाण. जुन्या मोहल्ल्यांत शाळा होत्या आणि नव्या उपनगरांत माणसे राहावयास गेली. पट ओसरण्याच्या कथेतील एक महत्त्वाचा धागा या एवढ्या वाक्यात आहे. मात्र तो समजण्यासाठी शाळा मुळात का निघाल्या हे आधी पाहिले पाहिजे.

निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कर्नाटकाचे. लोकसंख्येचा सुमारे एकचतुर्थांश भाग मराठी बोलणारा होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि प्राथमिक पायरी ओलांडल्यावर सरकारी शिक्षणाचा मार्गही उर्दूतूनच जात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्यास आरंभ केला. देशी भाषेतून सर्व विषय शिकवण्याचा तो उपक्रम शिक्षणाच्या इतिहासात लक्षणीय होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची ती घरची भाषा नव्हती, हेही तितकेच खरे आहे. या परिस्थितीत मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्यांना आपापल्या भाषेच्या शिक्षणाची सोय स्वतःच करावी लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय या संस्था निघाल्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या कर्त्या पुरुषांनी शिक्षणाच्या कामास आपली प्रतिष्ठा आणि पैसा दोन्ही लावले. १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगे येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली आणि तेथे पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले. केशवराव कोरटकरांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १९४० साली नारायणगुड्यात शिक्षणसंस्था उभी राहिली.

या शाळा काढताना कोणी पटाची किमान संख्या ठरवली नव्हती. उलट, सरकारची दृष्टी त्यांच्याकडे संशयाची होती. १९२४ च्या सुमारास खासगी शाळांविषयी जे नियम झाले त्यांनुसार शाळा उघडण्यापूर्वी शिक्षणखात्याची परवानगी घेणे आवश्यक ठरले, आणि परवानगीच्या या अटीमुळे राज्यातील कित्येक लहान शाळांचा अंत झाला. त्या शाळा मुले नव्हती म्हणून बंद पडल्या नाहीत. मुले असताना बंद पडल्या. मातृभाषेतून शिक्षणाची मागणी पुढे आंध्र, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही परिषदांच्या व्यासपीठांवरून होत राहिली, तिच्यामागे हा अनुभव होता. १९३१ साली ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले, तेव्हा राजधानीतील मराठी समाज भाषेच्या बाबतीत किती जागा होता हे दिसून आले.

पटावरील नाव हे त्या काळी निष्ठेचे चिन्हही होते. १९३८ साली वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास बंदी झाली, विद्यार्थ्यांनी ती जुमानली नाही आणि उस्मानिया विद्यापीठाने अनेकांची नावे पटावरून कमी केली. त्या मुलांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले आणि हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे नरसिंहराव हे त्यांच्यापैकीच एक. हा प्रसंग महाविद्यालयीन असला तरी येथे सांगण्याचे कारण असे, की पट हा केवळ उपस्थितीचा हिशेब नसून त्याच्यामागे नेहमी कोणाचा तरी निर्णय असतो, हे त्यातून स्पष्ट होते. नावे कमी करणारा एक असतो, आणि नावे दाखल करून घेणाराही कोणी असावा लागतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, आणि मराठी शाळांवरील संशयाची छाया दूर झाली. खरे पाहता येथून भरभराटीचा काळ सुरू व्हावयास हवा होता. परंतु आठ वर्षांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. मराठी जनतेची ही इच्छाच होती आणि ती योग्य होती. तिच्याबद्दल पश्चात्ताप करण्याचे कारण नाही. तथापि तिचा एक परिणाम फारसा कोणी मोजला नाही. तोपर्यंत हैदराबाद ही मराठवाड्याची राजधानी होती. न्यायालयाच्या कामासाठी, नोकरीसाठी, उच्च शिक्षणासाठी परभणी-नांदेडची माणसे येथे येत, काही काळ राहत आणि त्यांची मुले येथल्या शाळांत जात. १९५६ नंतर राजधानीची वाट मुंबईकडे वळली. मराठी अधिकाऱ्यांपैकी अनेकजण मुंबई राज्याच्या सेवेत गेले. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि विद्यार्थ्यांचा जो ओघ उस्मानियाकडे वाहत होता तो साहजिकच तिकडे वळला. नदीला मिळणारे ओढे दुसरीकडे वळवल्यावर पात्र एकाच वर्षी कोरडे पडत नाही. पण पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात पाणी थोडे कमी दिसते. हैदराबादच्या मराठी शाळांचे असेच झाले.

याच काळात दुसऱ्या प्रकारचा मराठी माणूस शहरात येत होता, आणि त्याचे एक मुक्कामाचे ठिकाण तारनाका हे होते. १९४४ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती प्रयोगशाळा १९५६ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेल्या. आजची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था ती हीच. १९५८ साली कुन्नूरहून पोषणविषयक संशोधन संस्था येथे आली. १९६१ साली भूभौतिक संशोधन संस्था निघाली आणि १९७७ साली पेशीय व रेणवीय जीवशास्त्राच्या केंद्राची भर पडली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी सिकंदराबाद येथे मुख्यालय असलेली दक्षिण मध्य रेल्वे अस्तित्वात आली. आरंभी सोलापूर विभागही तिच्यात होता, त्यामुळे लालागुडा-मेट्टुगुड्याच्या रेल्वे वसाहतींतून मराठी बोलणे ऐकू येणे नवलाचे राहिले नाही. म्हणजे १९५६ नंतर हैदराबादेतील मराठी माणूस नाहीसा झाला नाही; तो बदलला. जुना रहिवासी मोहल्ल्यात एकवटून राहणारा होता. नवा रहिवासी वसाहतीत, चार भाषांच्या शेजाऱ्यांमध्ये, एकटे बिऱ्हाड करून राहणारा होता. जुन्याचे घर येथेच होते. नव्याची बदली केव्हाही होण्यासारखी होती.

अशा कुटुंबापुढे मुलाच्या शाळेचा प्रश्न आला म्हणजे त्याचे उत्तर जवळजवळ ठरल्यासारखे असे. सुलतान बाजार-जांबागचा भाग तारनाक्यापासून बराच दूर. सहा वर्षांच्या मुलाला रोज एवढ्या अंतरावर पाठवणे अवघड. उद्या बदली भोपाळला झाली तर तेथे मराठी शाळा मिळेल याचा भरवसा नाही. बदली होणाऱ्या केंद्रीय नोकरांच्या मुलांसाठी १९६२ च्या अखेरीस केंद्रीय विद्यालयांची योजना मंजूर झाली, ती याच अडचणीची दखल घेऊन. तेथील माध्यम हिंदी आणि इंग्रजी. इंग्रजीचे आकर्षण तर सर्वत्र होते. १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी स्थापन झालेली केंद्रीय संस्था हैदराबादेतच, उस्मानियाच्या परिसरात उभी राहिली. ज्या आवारात एके काळी सर्व विषय उर्दूतून शिकवण्याचा प्रयोग झाला, त्याच आवाराशेजारी इंग्रजी उत्तम कशी शिकवावी याचे संशोधन सुरू झाले. यात दोष काढण्यासारखे काही नाही. काळाची दिशा मात्र यातून समजते. अलीकडे दोन गोष्टींची भर पडली आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू हा विषय अनिवार्य झाला, आणि २०२२-२३ पासून सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यमाचा क्रम सुरू झाला. तारनाक्यातील मराठी मुलाला इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी शिकल्यानंतर मराठी ही चौथी भाषा उरते.

पालकांना दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हांस न्याय्य वाटत नाही. अंतर, बदली आणि उपजीविका या तीन गोष्टी ज्याच्यापुढे आहेत त्याने भाषेच्या अभिमानासाठी मुलाचे वर्ष पणाला लावावे, असे सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे ज्याने स्वतःच्या मुलाबाबत तसे केले आहे. पट कमी होतो तो पालकांच्या अनास्थेने कमी आणि त्यांच्या विवेकाने अधिक. म्हणूनच पट हे कारण नव्हे. तो परिणाम आहे. राज्याची सीमा कोठे आखली, विद्यापीठ कोठे काढले, वसाहत कोठे बांधली, माध्यम कोणते ठरवले, या सर्व निर्णयांची बेरीज शेवटी पहिलीच्या हजेरीपटावर उमटते. आणि त्या बेरजेचे उत्तर देण्याची पाळी मात्र त्या एका शाळेवर येते.

आता कायद्याची बाजू पाहू. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असा ठराव केला, की मुलाचे प्राथमिक शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे. आणि ती भाषा प्रादेशिक भाषेहून वेगळी असेल तर, साऱ्या शाळेत त्या भाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असल्यास, निदान एक शिक्षक नेमावा. मातृभाषा कोणती हे पालक सांगेल ते प्रमाण मानावे, असेही त्या ठरावात होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० क घटनेत आले आणि भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक पायरीवर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. देखरेखीसाठी १९५७ साली भाषिक अल्पसंख्यांचा आयुक्त नेमला गेला.

चाळीस आणि दहा हे आकडे आज विस्मृतीत गेले आहेत. पण त्यांचा रोख ध्यानात घेण्यासारखा आहे. ते शाळा बंद करण्याचे आकडे नव्हते, शिक्षक नेमण्याचे होते. कोणत्याही शाळेत, मग ती तेलुगू असो की उर्दू, दहा मराठी मुले एका वर्गात आली तर तेथे मराठी शिक्षक जावा, असा त्यांचा अर्थ होता. शिक्षकाने मुलांकडे जावयाचे होते. व्यवहारात लवकरच अडचण आली, कारण दहा मुले एका शाळेत क्वचितच असतात. चार येथे, तीन तेथे, पाच पलीकडे, अशी ती विखुरलेली असतात. त्यावर दोन उपाय सुचवले गेले आणि आयुक्तांच्या अहवालांत त्यांचा पुनःपुन्हा उल्लेख येतो. एक, वर्ष सुरू होण्याआधी अशा मुलांची आगाऊ नोंदणी करणे. दुसरा, शेजारच्या शाळांनी आपसांत समायोजन करून विखुरलेली मुले एका ठिकाणी आणणे. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. मोजणी एका शाळेच्या कुंपणाच्या आत केली तर तारनाक्यात मराठी मुले जवळजवळ नाहीत असे उत्तर येईल. तीच मोजणी तारनाका, लालागुडा, सीताफळमंडी, हब्शीगुडा असा परिसर धरून केली तर उत्तर वेगळे येण्याचा संभव आहे. संख्या तीच, कुंपण वेगळे.

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभवही हेच शिकवतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले मोठ्या प्रमाणावर आढळली. म्हणजे पट फुगवलेलाही असू शकतो. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळांचे शेजारच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ साली वीसपर्यंत पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळांची योजना पुढे आली. अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक होती. दोन्ही वेळा हरकत घेतली गेली ती मुख्यतः अंतराची. डोंगराळ भागात एक किलोमीटर म्हणजे नकाशावरचा एक किलोमीटर नव्हे. मध्ये ओढा असतो, आणि पावसाळ्यात मुलींचे जाणे प्रथम बंद होते. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, हा शिक्षणहक्क कायद्याचा दंडक आहे. स्कॉटलंडमध्ये २०१० साली जो कायदा झाला त्याने ग्रामीण शाळा बंद करण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्यावर अशी जबाबदारी टाकली, की दुसरा पर्याय कोणता तपासला, वस्तीवर काय परिणाम होईल आणि मुलांच्या प्रवासाचे काय होईल, याचा विचार केल्याचे त्याने दाखवावे. आकडा कमी आहे एवढे सांगून तेथे भागत नाही. ही पद्धत आपल्याकडेही अनुकरणीय आहे.

याचा अर्थ कोणतीही शाळा कधीच बंद करू नये असा नव्हे. चार इयत्तांची मिळून सहा मुले आणि एक शिक्षक अशी शाळा असेल तर तेथील मुलाला सोबती मिळत नाही, खेळ मिळत नाही, प्रश्न विचारणारा दुसरा मुलगा मिळत नाही. त्या शाळेत शिकून गेलेल्या आणि आपली नातवंडे इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आमच्यासारख्यांनी केवळ आठवणीसाठी ती चालू ठेवा म्हणणे, म्हणजे आपल्या आठवणींचे भाडे दुसऱ्याच्या मुलाकडून वसूल करणे होय. अशी शाळा बहुधा गरिबाच्या मुलांची असते. ज्यांना फी आणि वाहनाचा खर्च परवडला ते केव्हाच गेलेले असतात, आणि जे उरले त्यांना दुसरा मार्ग नसतो. म्हणून निर्णय घेताना गेलेल्यांची संख्या नव्हे, तर उरलेल्यांची स्थिती पाहिली पाहिजे.

तेव्हा मंडळापुढे तीन प्रश्न असावेत असे आम्हांस वाटते. उरलेल्या मुलांना चालत जाता येईल अशा अंतरावर अधिक चांगली शाळा आहे काय? पट कमी झाला तो कोणत्या कारणाने, आणि ते कारण दूर करण्यासारखे आहे की नाही? आणि शाळा मिटली तर तिची भाषा कोठे जाणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा बंद करण्याच्या बाजूने येतील. तिसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मात्र कुलूप लावू नये. जुन्या मोहल्ल्यातील शाळा बंद होणार असेल तर तिची मिळकत आणि तिचा शिक्षक यांच्या आधारे, जेथे आज मराठी मुले आहेत तेथे वर्ग चालवता येईल. तारनाक्यासारख्या उपनगरात दहा मुलांची आगाऊ नोंदणी करून, एखाद्या चालत्या शाळेत मराठीचा तास मागणे हे १९४९ च्या ठरावाच्या आशयाला धरूनच होईल. हा वर्ग पूर्ण शाळेची बरोबरी करणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्यांनी निजामाच्या काळी परवानगी नसताना शिकवले, त्यांनीही प्रारंभ इमारतीपासून केला नव्हता. आधी मुले गोळा केली, मग जागा शोधली. शाळेचे दप्तर बंद करताना पटावर उरलेल्या प्रत्येक नावासमोर ते मूल कोठे गेले हे लिहिता येत असेल, तर निर्णय योग्य झाला असे समजावे. ती जागा कोरी राहत असेल, तर निर्णयाची वेळ अद्याप आलेली नाही.